प्रोवी तीतीचं पिंप

प्रोविदेन्सिया लासेन या बाईला अमुक एक गोष्ट येत नाही, असं लोईसा गावात आजवर कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. ती गाते, गाणी रचते, नाचाचे घागरे शिवते, नारळाच्या सोडणातून उत्सवाचे मुखवटे कोरते. रमचं रिकामं पिंप हाती लागलं की त्यावर बकरीचं कातडं ताणून त्याचा ढोल करते, आणि तो वाजवण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नाही. कार्यक्रम ठरवायचा, बस मिळवायची, परवान्यासाठी कचेरीतल्या कारकुनाचं डोकं खायचं, ऐनवेळी स्पीकर बिघडला तर स्क्रूड्रायव्हर घेऊन तोही उघडायचा, हे सगळं तीच करते. एवढं सगळं येणाऱ्या माणसात एक खोट असते. त्याला दुसऱ्याचं काम बघवत नाही. एखाद्या पोरीने घागऱ्याला टीप मारली की तीती ती उसवायची, पुन्हा मारायची आणि वर म्हणायची, "छान जमलीय हं तुला. मी फक्त जरा सरळ केली."

तीती म्हणजे मावशी किंवा आत्या. प्रोवीला सख्खा भाचा एकही नाही, पण लोईसातल्या आमच्या मेदियानिया वस्तीत तिला तीती न म्हणणारं पोर शोधावं लागेल. ती पंचवीसेक वर्षं इथल्या शाळेत स्वयंपाकीण होती. मग मुलं कमी झाली म्हणून वरच्यांनी शाळा बंद केली, आणि पुढे मोठं वादळ आलं त्यात शाळेचं निम्मं छप्पर उडालं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तीतीने घरून पक्कड आणली, शाळेच्या स्वयंपाकघराचं कुलूप तोडलं आणि सगळ्या वस्तीचा भात शिजवला. तेव्हापासून ती तिथेच आहे. किल्ली मागायला अजून कुणी आलेलं नाही, आणि यायची कुणाची छाती होईल असं मला वाटत नाही.

त्याच शाळेत तिचं पथक आहे, इकाको नावाचं. वस्तीतली पोरं-पोरी संध्याकाळी तिथे बोम्बा, म्हणजे आमचा ढोलावरचा नाच, शिकतात. शिकवण्याचे पैसे तीती घेत नाही, पण तिची एक अट आहे. ढोलाला हात लावायचा असेल तर आधी दुपारी यायचं आणि एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जेवणाचे डबे पोचवायचे. डबा पोचला नाही तर ढोल नाही. मग तुम्ही कितीही मोठे वाजवणारे असा.

मोठे वाजवणारे म्हणजे कोण, तर यादरिएल एस्कालेरा. एकोणीस वर्षांचा, उंच, शिडशिडीत, आणि हात असे की बघणाऱ्याने बघत राहावं. तीतीनेच त्याला लहानपणापासून घडवलं. तो डोळे मिटून वाजवायचा. मान किंचित वर, पापण्या मिटलेल्या, आणि खाली दोन्ही हात वळवाच्या गारांसारखे ताडताड चाललेले. बाहेरून आलेले लोक त्याचे व्हिडिओ काढायचे आणि म्हणायचे, किती तल्लीन होतो हा मुलगा! तीती तेव्हा तोंडाने "हं, ठीक आहे" म्हणायची आणि मनातून फुलून यायची.

आणि मग एका वर्षी तीतीच्या उजव्या हाताने दगा दिला. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत अशी कळ जायची की पातेलं उचलता येईना. तिने पुष्कळ दिवस लपवलं. हळदीचे लेप झाले, नारळाचं तेल झालं, शेवटी डॉक्टर झाला. डॉक्टर तिच्याच हातचा भात खाऊन मोठा झालेला, त्यामुळे त्याने आडपडदा ठेवला नाही. म्हणाला, "तीती, भात ढवळ, शिवण कर. ढोल वाजवायचा असेल तर मात्र दुसरा हात घेऊन ये."

जुलैच्या शेवटी संत सांतियागोचा उत्सव येतो. त्यात इकाकोचा नाच असतो, आणि त्या नाचात प्रिमो तीतीने वाजवायचा हे ठरलेलं. मोठी पिंपं ठेका धरून राहतात. त्यांच्यातलं एक छोटं पिंप म्हणजे प्रिमो, ते नाचणाऱ्याशी बोलतं. तीतीचा प्रिमो तिच्या वडिलांनी बनवलेला होता. उत्सवासाठी सान हुआन शहरातून एखादा वाजवणारा आणता आला असता, पण तीतीला तो विचारही सहन होत नव्हता. वस्तीत इतकी पोरं घडवली आणि प्रिमोवर बसायला परगावचा माणूस, मग मी इतकी वर्षं केलं काय, असं तिला वाटायचं. यादरिएल बसला तर पिंप बोलत राहील, नाहीतर आपल्या हाताबरोबर तेही मुकं होईल. एवढाच प्रश्न होता, आणि तिच्या मते त्याचं उत्तर तिच्या डोळ्यांसमोर बसलेलं होतं.

पण माशी शिंकली. माशीचं नाव नाशिरा ओसोरिओ, वय चौदा, अंगाने चिमणीएवढी आणि जिभेने तिखट.

तालमीत यादरिएल पहिल्यांदाच प्रिमोवर बसला होता. नाशिरा रिंगणात आली, रिवाजाप्रमाणे ढोलासमोर वाकली आणि नाचायला लागली. थोड्या वेळाने ती मध्येच थांबली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. यादरिएलचे हात चालूच होते.

"काय गं, काय झालं?" तीतीने विचारलं.

"मी नाही नाचत."

"पाय मुरगळला का?"

"पाय ठणठणीत आहे माझा. पण तो कुठे होता ते याला विचार ना."

यादरिएलने डोळे उघडले. "थांबलीस का? मी वाजवतोय ना."

"तू वाजवतोयस रे! मी केव्हाची थांबलेय, साहेबांचा आपला कारखाना चालू." सगळी पोरं फिदीफिदी हसली. "खांदा उडवला, घागरा झटकला, याला पत्ता आहे का? मी तुझ्या मागे पळायचं होय? मग तूच घाल घागरा आणि नाच."

"तुझ्या नाचात दम असता तर—"

"दम बघायला डोळे उघडावे लागतात, राजा."

आता यात चूक कुणाची होती ते आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. बोम्बात पाय ढोलाच्या मागे जात नाहीत. नाचणारी पुढे असते. तिने खांदा हलवला की प्रिमोने तो खांदा वाजवायचा, तिने घागऱ्याचं टोक उडवलं की ते टोक वाजवायचं, आणि ती नुसती उभी राहिली तर हात कातड्यावर ठेवून वाट बघायची. तीतीला हे का माहीत नव्हतं? पण माणूस आपल्या लाडक्याच्या बाबतीत आंधळा होतो. तिने आधी नाशिरालाच झापलं, "चार दिवस झाले नाहीत घागरा नेसून आणि वाजवणाऱ्याला शिकवतेस?" मग यादरिएलकडे वळून जरा मऊ आवाजात म्हणाली, "बाळा, डोळे उघडे ठेवून वाजव बरं."

त्याने डोळे उघडे ठेवले. ते आधी भिंतीवर गेले, मग छपरावरच्या निळ्या ताडपत्रीवर, मग स्वतःच्या बोटांवर, पण नाशिरावर काही गेले नाहीत. आणि ते गारांसारखे हात एकमेकांत अडखळायला लागले. तीतीला राहवलं नाही. ती शेजारी बसून त्याच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका दाखवायला लागली, "आता... आता दे... अरे आता!" तसा तो अजूनच चुकला. शेवटी त्याने हात थांबवले आणि तो उठून उभा राहिला.

"तीती, तूच सांगितलं होतंस ना मला डोळे मिटायला?" असं म्हणून तो बाहेर पडला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते बोलणं तीतीला जास्त लागलं.

कारण ते खरं होतं. यादरिएलचे वडील कामासाठी समुद्रापलीकडे ओर्लान्दोला गेले, आधी दर रविवारी फोन यायचा, मग कधीमधी, मग तोही बंद झाला. तेव्हा हे पोर दहा वर्षांचं होतं. ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. पथकात आणून बसवलं तर सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटून त्याचे हात थरथरायचे. तेव्हा तीतीने त्याला आपल्या पुढ्यात घेतलं आणि सांगितलं, "डोळे मीट. कुणी नाही इथे. फक्त माझा हात ऐक." त्याने डोळे मिटले आणि हात सुटले. ते औषध इतकं लागू पडलं की नंतर ते बंद करायचं असतं हे ती विसरूनच गेली. त्या रात्री तिने जेवण तसंच झाकून ठेवलं.

पुढे यादरिएल तालमीला फिरकला नाही. पण दुपारी त्याने पोचवायचा डबा मात्र रोज नाहीसा व्हायचा. तो मागच्या दाराने यायचा, दोन्या आग्रिपिनाचा डबा उचलायचा आणि तीतीची पाठ वळलेली असतानाच जायचा. तीती मुद्दाम पाठ वळवून उभी राहायची. अशी आमची समजूतदार माणसं!

दोन्या म्हणजे बाई, आणि ही आग्रिपिनाबाई म्हणजे समुद्राच्या बाजूला शेवटच्या घरात राहणारी म्हातारी. तिला झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती आणि डावं अंग लुळं पडलं होतं. तिच्यासाठी सगळं मऊ लागायचं. एका दुपारी यादरिएल घाईत कुस्करलेल्या कंदाची वाटी विसरून गेला. पाठवायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून तीतीच ती वाटी पदराआड धरल्यासारखी फडक्याखाली झाकून निघाली. म्हातारीच्या खिडकीपाशी आली आणि झडपांच्या फटीतून तिला जे दिसलं त्याने ती तिथेच थांबली.

यादरिएल म्हातारीला सूप भरवत होता. चमचा भरून त्याने तो हवेत धरला होता आणि तो बघत होता. म्हातारीची हनुवटी जराशी हलली, चमचा पुढे गेला. तिने डोळे बारीक केले, चमचा थांबला आणि त्याने त्यावर फुंकर मारली. उजव्या हाताचं एक बोट चादरीवर उचललं गेलं, त्याने लगेच पाण्याचा पेला ओठाला लावला. घास गळ्याखाली उतरेपर्यंत चमचा जागचा हलत नव्हता. कुणी कुणाशी एक शब्द बोलत नव्हतं, आणि एकही थेंब सांडला नाही.

तीतीच्या डोळ्यात पाणी आलं. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती धाडकन दार ढकलून आत शिरली.

"हे काय करतोयस?"

यादरिएल दचकला. "भरवतोय. का? गरम आहे का?"

"तिला पाणी हवंय हे तुला कसं कळलं?"

"बोट उचललं ना तिने."

"आणि गरम लागलं ते?"

"डोळ्यांवरून." त्याला हा सगळा प्रश्नच वेडेपणाचा वाटत होता. "तीती, ती बोलू शकत नाही. तिच्याकडे बघितलं नाही तर मला कळणार कसं?"

"आणि नाशिरा नाचताना बोलते का रे, गाढवा?"

त्याने चमचा सूपात परत ठेवला. म्हातारी मात्र अर्ध्या तोंडाने हसली, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. तीतीने वाटी ठेवली आणि त्याच्याजवळ स्टुलावर बसली.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "डोळे मीट म्हणाले ते बरोबर होतं. उघड म्हणायचं राहून गेलं. उत्सवाला प्रिमोवर तू बसशील."

"नाही. इथे ही एकटी असते. तिथे सगळं गाव माझ्याकडे बघणार. माझ्याने नाही होणार."

"गावाकडे बघायला तुला कुणी सांगितलंय? दोन पायांकडे बघ."

"कुणाच्या? नाशिरा माझ्या ढोलावर नाचणार नाही. तिने शप्पथ घेतलीय."

"माझ्या."

यादरिएल तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. तीतीला नाचताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कधीकाळी ती नाचायची म्हणे, पण प्रिमो सांभाळायला दुसरं कुणी नाही म्हणून ती जी बसली ती बसलीच.

"तुझे गुडघे?" त्याने हळूच विचारलं.

"गुडघ्यांचं मी बघेन, कातड्याचं तू बघ."

"मग तालीम कधी करायची?"

"तालीम कसली? तिला चमचा भरवायची तालीम केली होतीस? चल, दे तिला ते आधी, गार होतंय."

तालीम करायची नाही असं तीती ऐटीत म्हणाली खरी, पण तिची पाचावर धारण बसली होती. तालीम केली असती तर तिने त्याला शिकवलं असतं, ठेका दाखवला असता, कुठे काय करणार ते आधी सांगून टाकलं असतं, आणि मग सगळं पुन्हा तिच्याच हातचं झालं असतं. म्हणून ती उत्सवापर्यंत दात आवळून गप्प राहिली. गप्प राहणं ही एकच कला तिला कधी आली नव्हती. त्या दिवसांत तिने सगळ्या पथकाचे घागरे दोनदा इस्त्री केले.

उत्सवाचा शेवटचा दिवस. मुखवटेवाल्यांची मिरवणूक पुढे निघून गेली होती, हवेत खेकड्याच्या भाताचा आणि तळणीचा वास होता, आणि फणसाच्या झाडाखाली माणसांनी रिंगण धरलं होतं. मोठ्या पिंपांचा ठेका सुरू झाला. नाशिरा तोंड फुगवून हातात मराका, म्हणजे तालाचा खुळखुळा, घेऊन उभी होती. गाणं तिलाच उचलायला सांगितलं होतं, कारण तीतीला आज श्वास पायांसाठी हवा होता. प्रिमोवर तीती नाही, यादरिएल बसलाय, हे लोकांच्या लक्षात आलं आणि कुजबुज झाली. मग तीती पांढरा घागरा सावरत रिंगणात आली तेव्हा ती कुजबुज एकदम थांबली.

"अगं बाई, ही नाचणार?" कोणीतरी म्हणालं.

तीती प्रिमोसमोर वाकली. वडिलांच्या पिंपाला तिने इतक्या वर्षांत या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. तिने मान वर केली. यादरिएलचा चेहरा घामाने थबथबला होता आणि ओठ पांढरे पडले होते, पण त्याचे डोळे सताड उघडे होते आणि तिच्या पायांना चिकटलेले होते.

ती उभी राहिली आणि तिने काहीच केलं नाही. मोठी पिंपं चालली होती, नाशिरा गात होती, आणि प्रिमो गप्प होता. त्याचे हात कातड्यावर टेकलेले, तयार. गर्दीत चुळबूळ झाली. एक खांदा. प्रिमोवर एक थाप. दुसरा खांदा. दुसरी थाप. तिने घागऱ्याचं टोक चिमटीत धरून नुसतं थरथरवलं, आणि बोटांच्या टोकांनी तशीच बारीक थरथर वाजली. ती डावीकडे जाईन असं दाखवून थांबली. तो फसला, थाप आधीच पडली. पूर्वी ती ओरडली असती. आता ती फक्त थांबली आणि तिने त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. यादरिएल ओशाळं हसला, आणि त्यानंतर तो पुन्हा फसला नाही.

मग तीती रंगात आली. तिच्या अंगात इतक्या वर्षांचं किती काय साठलं होतं ते तिलाच ठाऊक नव्हतं. घागरा डावीकडे, घागरा उजवीकडे, टाच, चवडा, कोपर, मान, आणि तिने जे जे केलं ते ते तिच्या कानांना ऐकू येत होतं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे पाय वाजवले होते, तिचे पाय आज कितीतरी वर्षांनी कुणीतरी वाजवत होतं. गर्दी ओरडत होती. हुरूप इतका चढला की तिने गिरकी घेतली, आणि गिरकीच्या मध्यावर उजवा गुडघा गेला.

ती एका बाजूला कलली. एक पाय घसरला, दुसरा त्याला सावरायला धावला, हात जमिनीला टेकला. तेवढ्या क्षणात तिच्या मनात आलं की झालं, संपलं, सगळ्या गावासमोर तोंडघशी पडले आणि पोराचा प्रिमोही घेऊन पडले. आणि त्याच क्षणी तिला ते ऐकू आलं. घसरलेल्या पायाची लांब घासलेली थाप. धावलेल्या पायाच्या दोन घाईच्या थापा. हात टेकला तिथे पिंपाच्या पोटातून निघालेला एक खोल ठोका. त्याने तिचं पडणं वाजवलं होतं, एकही कण न चुकता. मग तो थांबला. हात कातड्यावर ठेवून, डोळे तिच्यावर ठेवून, ती काय करते याची वाट बघत तो थांबला.

तीती टेकलेल्या हातावर भार देऊन हळूहळू उठायला लागली. ती जशी उठत होती तशा त्याच्या थापा खालून वर येत होत्या, आधी जड, मग मोकळ्या. ती पूर्ण उभी राहिली आणि तिने घागरा फाडकन झटकला, तेव्हा प्रिमोवर अशी थाप पडली की झाडावरची पाखरं उडाली. रिंगण फुटलं. लोक टोप्या उडवत होते, म्हाताऱ्या बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. तीती ढोलासमोर वाकली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ती बाजूला होते न होते तोच नाशिराने मराका दुसऱ्या पोरीच्या हातात कोंबला, शप्पथबिप्पथ विसरून ती रिंगणात शिरली आणि यादरिएलसमोर झपकन वाकली.

"बघतोयस ना रे?"

"बघतोय, बाई, बघतोय. नाच आता."

प्रिमो तेव्हापासून यादरिएलच वाजवतो. त्या दिवशीचा नाच अजून लोकांच्या तोंडी आहे. मेदियानियात अर्ध्या लोकांची खात्री आहे की ते पडणं आधीपासून बसवलेलं होतं, आणि प्रोवीला कोण समजता, ती पडली तरी तालात पडते, असं ते वाद घालून सांगतात. तीतीला विचारलं तर ती विषय बदलते. यादरिएलला विचारलं तर तो म्हणतो, "मला काय माहीत? तिने केलं, मी वाजवलं."